पश्चिमेस बारकूचे शेत

सादडपाड्यावर बारकू भोयेच्या कोंबड्याला कधी म्हातारपण आलं नाही. पिल्लू मोठं झालं, मानेवर रंग चढला, जरा ऐटीत आरवायला लागलं, की मृगाच्या तोंडावर ते एका सायकलीच्या हँडलला उलटं टांगलं जायचं आणि डोंगर उतरून जायचं. सायकल फॉरेस्टच्या गार्डची. पुढे सायकलीची मोटारसायकल झाली, गार्ड बदलले, कोंबडा मात्र दरसाल ठरलेला. बारकूची बायको कुसाबाई तो कधी धरून द्यायची नाही. ती घरामागं निघून जायची आणि बारकूच अंगणभर वाकून वाकून धावायचा. पाड्यावरची पोरं पोट धरून हसायची.

आता बारकू साठीच्या पुढं गेला आहे. नाशिकहून पेठच्या एस.टी.त बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि तासभर चढायचं, की हा पाडा लागतो. चाळीस घरं आणि सगळी एकमेकांच्या नात्यातली. त्यांनी पिढ्यान् पिढ्या नागली म्हणजे नाचणी, वरई आणि उताराला थोडा भात केला, पण कागदावर ती जमीन सरकारी जंगल होती. म्हणजे आजोबानं दगड वेचून जे रान केलं, त्यात नातू चोर ठरायचा. पेरणी आली की गार्ड यायचा, कुणाला दंड करायचा, कुणाचा नांगर उचलून न्यायचा. बारकूनं त्यावर आपल्यापुरता उपाय काढला होता. कोंबडा दिला की गार्डच्या वहीत बारकूचं नाव येत नसे. सगळ्या पाड्याला दंड व्हायचा आणि बारकू आपल्या दोन एकरांत निवांत रोपांची आवणी करायचा.

तो वाईट माणूस होता असं नाही. कुणाच्या घरी मयत झाली तर लाकडं फोडायला सगळ्यात आधी जायचा. पण त्याला आपल्या हुशारीचं फार कौतुक होतं, आणि त्याहून कौतुक होतं आपल्या सहीचं. आश्रमशाळेत चौथीपर्यंत बसला होता. वाचायला फारसं यायचं नाही, पण सही अशी करायचा की मास्तरांनी बघत राहावं. ‘बा. रा. भोये’, खाली दोन रेघा आणि रेघांच्या टोकाला दोन टिंबं. पाड्यावरची बाकी मंडळी शाईत अंगठा बुडवायची आणि नंतर तो डोक्याच्या केसांना पुसायची. बारकू खिशातून पेन काढायचा.

नव्वद साल उलटून गेल्यावर डोंगरात आदिवासी शेतकऱ्यांच्या संघटनेच्या बैठका सुरू झाल्या. सादडपाड्यावर पहिली बैठक झाली ती अठ्ठ्याण्णव साली, गावच्या मोठ्या सादड्याच्या झाडाखाली. सुरगाण्याकडून आलेला कार्यकर्ता बराच वेळ बोलला, लोकांनी माना डोलावल्या, पण मुद्द्याचं बोलली ती तानुबाई. तानुबाई म्हणजे बारकूच्या थोरल्या चुलतभावाची, पुंजाची बायको. बारकूची वहिनी. बुटकी, काटक, आणि आवाज असा की खालच्या नाल्यावरून हाक मारली तर वरच्या टेकडीवरची गुरं मान वळवायची.

“दंड करत्यात ना? करू द्या,” ती म्हणाली. “पर कोंबडा द्यायचा नाय, तांदूळ द्यायचा नाय. दंड भरायचा आन् पावती मागायची. पावती दिल्याबिगर पैसा सोडायचा नाय.”

“पावती घिऊन काय चाटायची का वैनी?” कुणीतरी म्हणालं.

“पावतीवर माझं नाव हाय ना? रानाचं नाव हाय ना? मंग सरकारच लिहून देतंय का ही बाई ह्या रानात व्हती. आज दंडाचा कागद हाय. उद्या कशाचा व्हईल ते आपल्याला काय ठावं?”

लोक हसले, पण ठरलं तसंच. मधोमध नागलीची टोपली ठेवली. पाड्यातली रीत अशी, की मोठी गोष्ट ठरली तर प्रत्येकानं मूठभर नागली उचलायची, कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची आण घ्यायची आणि दाणे परत टोपलीत सोडायचे. ही आण मोडायची कुणाची छाती होत नाही, कारण तेच दाणे पुढं बियाण्यात मिसळतात आणि सगळ्यांच्या रानात पेरले जातात. बारकूनंही मूठ भरली, तोंडानं आण घेतली, दाणे सोडले.

आठ दिवसांनी गार्ड आला आणि बारकूनं अंगणात धावून कोंबडा धरला.

एवढंच असतं तर लोकांनी चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पुढच्या वर्षी, नव्व्याण्णवच्या जुलैत, मोठी धाड आली. पाड्यानं कोंबडे बंद केले, पावत्या मागायला सुरुवात केली, हे वर कुणाला तरी फार लागलं होतं. दोन गाड्या भरून माणसं आली. नुकती लावलेली नागली त्यांनी गुरं घालून तुडवली. पुंजा नांगर सोडेना. नांगराच्या रुमण्याला मिठी मारून तो चिखलात बसला, तेव्हा त्याला तसाच उचलून गाडीत टाकला. मग पंचनामा करायला बसले आणि गार्डला पंच पाहिजे झाला. गावातला, आणि सही करणारा.

बारकू आपल्या बांधावर उभा होता. त्याच्या नागलीला कुणी हात लावला नव्हता. तुडवलेल्या चिखलाच्या मधोमध त्याचं रान हिरवंगार उभं होतं आणि त्याच हिरव्याची त्याला लाज वाटत होती, असं तो आता म्हणतो. त्या दिवशी वाटली होती की नाही, हे त्याचं त्यालाच नक्की आठवत नाही.

“ये रे भोये,” गार्ड म्हणाला. “इतकी वर्षं तुझं नाव लिहिलं नाही. आज एक सही कर.”

बारकू गेला. कारकुनानं गुडघ्यावर पॅड घेऊन लिहायला सुरुवात केली: पुंजा भोये व त्यांची बायको तानुबाई यांनी जंगलात नवीन अतिक्रमण केले आहे. नवीन! त्या रानात पुंजाच्या आज्यानं लावलेला आंबा उभा होता. बारकू काही बोलला नाही. मग कारकुनानं मान वर न करता विचारलं, “चतुःसीमा सांगा. पूर्वेला काय?”

“नाला,” बारकू म्हणाला.

“दक्षिणेला?”

“टेकडी.”

“उत्तरेला?”

“पायवाट.”

“पश्चिमेला?”

आणि इथं बारकूच्या हुशारीनं त्याला दगा दिला. चार शहरी माणसं आपल्याला विचारतायत, आपण सांगतो ते लिहून घेतायत, याचा त्याला त्या अवस्थेतही बारीकसा अभिमान वाटला असावा. तो म्हणाला, “पश्चिमेला माझं शेत.” कारकुनानं लिहिलं, ‘पश्चिमेस बारकू रामा भोये यांचे शेत’. गार्ड बिडी पेटवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. बारकूनं पेन घेतलं आणि सही केली. खाली दोन रेघा, दोन टिंबं.

तानुबाई तिथंच उभी होती. तिनं पंचनाम्याची नक्कल मागितली. हाकलली तरी हलेना, शेवटी वैतागून एक कार्बनची प्रत तिच्या अंगावर टाकली. तिनं ती घडी घालून कमरेला खोचली आणि गाडीमागं पळत गेली.

पुंजा अकरा दिवस आत होता. तानुबाई आपल्या लहानग्या पोराला, दिनेशला, कडेवर घेऊन नाशिकला हेलपाटे घालत राहिली. पुंजा परत आला तेव्हा बारकू घरात लपून बसला होता. संध्याकाळी पाण्याच्या वाटेवर तानुबाई समोर आलीच. बारकूला वाटलं, आता ही तोंडावर थुंकणार. ती म्हणाली, “भावजी, तुमची नागली वाचली. निदान एका घरची तरी वाचली.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बारकूला उलट बोलता आलं असतं. त्यानंतर पंचवीस वर्षं ती त्याला भावजीच म्हणत आली. सणाला ताट पाठवत आली. सहीचा विषय तिनं एकदाही काढला नाही, आणि पाड्यातही कुणी त्याच्यासमोर काढला नाही. बारकूनं मात्र सही करणं कमी केलं. कुठं कागद आला तर म्हणायचा, चष्मा नाय, अंगठा घ्या.

मग कायदा आला. तो आपोआप आला नाही; असल्या शेकडो पाड्यांनी धरणं धरून, तहसिलीपुढं बसून, मार खाऊन तो आणायला लावला. दोन हजार पाचच्या डिसेंबराआधीपासून जो आदिवासी रान कसतो, त्याला त्या रानाचा हक्क. पण पुरावा? आणि पुरावा काय चालेल याची यादी वाचून दाखवली, तेव्हा सगळा पाडा तानुबाईकडे बघायला लागला. दंडाच्या पावत्या चालतील. केसचे कागद चालतील. पंचनामे चालतील. ज्या कागदांनी चोर ठरवलं होतं तेच कागद आता सांगणार होते, की ही माणसं इथं होती.

तानुबाईनं घरात जाऊन आढ्याला टांगलेला वाळका भोपळा उतरवला. पाड्यावर बियाणं असल्या भोपळ्यात राख घालून ठेवतात, कीड लागत नाही. तिनं त्यातून आधी वालाचं बी काढलं आणि मग कागद. सतरा पावत्या आणि एक पंचनामा. राखेनं करडे झालेले, पण अक्षर न् अक्षर शाबूत. पुंजा-तानुबाईचा दावा पहिल्या झटक्यात मंजूर झाला, दोघांच्या नावाचा पट्टा आला. पाड्यातल्या एकेकाचे आले. ज्याला जास्त दंड झाला होता, त्याचं काम लवकर झालं.

बारकूकडं एक चिटोरंही नव्हतं. वीस-बावीस कोंबडे दिले होते, पण कोंबड्याची पावती कोण देतं? त्याचा दावा ‘पुराव्याअभावी अमान्य’ होऊन परत आला. घरी त्यानं सांगितलं, “कागद व्हते. उंदरांनी खाल्ले.” कुसाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि चुलीत फुंकर घातली. धाकटी पल्लवी तेव्हा शाळेत होती. तिला उंदरांचा फार राग आला आणि तिनं मांजर आणलं.

आपलं रान ज्या एकाच कागदावर लिहिलेलं आहे, तो वहिनीच्या भोपळ्यात आहे, हे बारकूला त्याच दिवशी उमगलं होतं. पश्चिमेला माझं शेत. शब्द त्याचेच होते. आणि त्याच कागदाच्या तळाला दोन रेघा आणि दोन टिंबं होती. मागायला तोंड नव्हतं. पुंजा पट्टा मिळाल्यावर तीनच वर्षांनी गेला. तिरडी उचलताना बारकू मागं अंग चोरून उभा होता, तेव्हा दिनेशनं हाक मारली, “काका, या ना फुडं, खांदा द्या.” बारकूनं खांदा दिला. वाटभर त्याला पुंजाचं ओझं जाणवलं नाही, दिनेशच्या हाकेचं जाणवत राहिलं.

जमीन नावावर नाही म्हटल्यावर बारकूचं दर हिवाळ्यात दिंडोरीकडं द्राक्षबागांत जाणं सुटलं नाही. कधी काम संपलं की पंचवटीत पेठ नाक्यावर इतर मजुरांबरोबर उभा राहायचा. कुणी गवंड्याच्या हाताखाली न्यायचं, कुणी खड्डे खणायला. असाच एका मार्चमध्ये तो नाक्यावर उभा असताना पेठ रस्त्यानं लाल झेंडे आले. डोंगरातली माणसं मुंबईला पायी निघाली होती. नामंजूर केलेले दावे पुन्हा तपासा, ही त्यांची मागणी. कुसाबाई त्यात आहे, हे त्याला ठाऊक होतं. निघताना तिनं फक्त एवढंच विचारलं होतं, “येता का?” आणि तो म्हणाला होता, “बागेत बोलावणं हाय.” बागेत काही बोलावणं नव्हतं.

सादडपाड्याची माणसं दिसली तसा तो उभ्या रिक्षांच्या मागं सरकला. पुढं दिनेश झेंडा घेऊन. मागं तानुबाई, साठीला टेकलेली, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायाला चिंधी. तिच्या डोक्यावर दोन गाठोडी होती. एक तिचं, एक कुसाबाईचं. कुसाबाई तिचा हात धरून चालत होती. ज्यांना पट्टे मिळाले होते तीही माणसं चालत होती. नामंजूर दावे त्यांचे नव्हतेच. पाड्यातले जेमतेम सहा दावे राहिले होते आणि त्यातला एक बारकूचा होता. म्हणजे तानुबाई फाटक्या चपलेनं कुणासाठी चालली होती, ते बारकूला कुणी सांगायची गरज नव्हती.

“तुमच्याकडचे का हो हे लोक?” शेजारच्या चहावाल्यानं विचारलं.

“नाय,” बारकू म्हणाला, “आमी हरसूलकडचे.”

पंधरा दिवसांनी कुसाबाई घरी आली तेव्हा तिच्या पायाचं कातडं सुटलं होतं. त्यानं पाणी तापवून परात पुढं केली. ती पाय बुडवून बसली आणि म्हणाली, “वैनी रोज रातच्याला तेल लावायची माझ्या पायाला.” बारकूनं परातीतलं पाणी उगाच हातानं ढवळलं. पेठ नाक्यावर तिनं आपल्याला बघितलं की नाही, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मोर्च्यानंतर दावे पुन्हा तपासायचा हुकूम निघाला. हुकूम निघाला म्हणजे काम झालं असं आपल्याकडं कधी होत नाही. कागद इकडून तिकडं फिरण्यात वर्षं गेली. बारकूच्या दाव्याची पाळी आली ती गेल्या वर्षी. तोवर पल्लवी बी.ए. झाली होती आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहायचं काम तिच्याकडं आलं होतं. काळ किती बदलला होता म्हणाल, तर फॉरेस्टची नवी गार्ड, एक तरणी पोरगी, आता ग्रामसभेच्या हक्काचा झालेला बांबू तोडायची परवानगी मागायला अर्ज घेऊन ग्रामसभेत यायची आणि पाळी येईपर्यंत सतरंजीच्या कडेला बसून राहायची.

“बाबा, कुणाच्या तरी कागदात आपल्या रानाचा उल्लेख असंल,” पल्लवी म्हणाली. “शेजारच्याची चतुःसीमा बघायची. आत्यानं तर सगळे कागद ठेवलेत, मी मागते.” तानुबाईला ती लहानपणापासून आत्या म्हणायची.

“नको,” बारकू म्हणाला. “मला नको ती जमीन.”

“तुम्हाला नको? आईनं पाय सोलून घेतले ते कशासाठी? ह्या वेळी नामंजूर झाला ना, तर परत नाय उघडणार बाबा. मग आहेच दिंडोरी. तुम्ही मरेस्तोवर आणि मागून मी.”

ती गेलीच. घडीभरानं परत आली ती गोंधळून. “आत्या म्हणते, कागद हाय. पण म्हणते, तुझ्या बापाला पाठव.”

बारकू दोन दिवस टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी कुसाबाईनं त्याची टोपी आणून त्याच्या मांडीवर ठेवली, तेव्हा उठला. तानुबाई अंगणात सुपात नागली पाखडत होती. भोपळा तिनं आधीच उतरवून शेजारी ठेवला होता. बारकू लांबच उकिडवा बसला.

“वैनी,” तो शेवटी म्हणाला.

“मागू नका भावजी,” तानुबाई सूप न थांबवता म्हणाली. “मागायला नाय बोलावलं. कागद म्या पोरीला कवाच दिला आसता. पर ती वाचणारी हाय. तळाशी कुणाची सही हाय ते ती वाचंल. म्हून म्हनलं, आदी तिच्या बापानं तिला सांगावं. कागदानं सांगू नये. बाकी माझं काय नाय.”

“तुमाला... राग नाय का आला कवा?”

तिनं सूप खाली ठेवलं. “आला की. लय आला. नांगर नेला, माणूस नेला. पर आमी ज्यासाटी बसलो व्हतो, ते तुमचं रान सोडून बाकीच्यांचं व्हावं, आसं थोडंच म्हनलं व्हतं? मुठीत नागली सगळ्यांनीच घेतली व्हती. तुमी बी.” मग म्हणाली, “सांगाल ना पोरीला?”

“सांगतो,” बारकू म्हणाला.

त्यानं सांगितलं नाही.

सांगायला तो तीनदा तोंड उघडून बसला. एकदा पल्लवी भाकरी थापत होती, एकदा अर्ज लिहीत होती, एकदा तर तिनंच विचारलं, “काय म्हणत होती आत्या?” तो म्हणाला, “दील म्हणली कागद.” पोरीनं आनंदानं त्याच्या पाठीवर थाप मारली. तिच्या मनातला बाप त्याला मोडवेना. निदान असं तो स्वतःला सांगत होता. खरं म्हणजे भीती वाटत होती, नव्व्याण्णव साली वाटली होती तशीच, आणि ह्या वेळीही त्यानं दुसऱ्याचं नुकसान होऊ दिलं आणि आपलं त्या दिवसापुरतं वाचवलं.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. वनहक्क समितीचा अध्यक्ष दिनेश. तालुक्याहून एक साहेब आले होते, खुर्चीवर. बाकी सगळे सतरंजीवर, पल्लवी मधोमध प्रोसिडिंगची वही उघडून. बारकूचं नाव पुकारलं गेलं.

“यांच्याकडे पुरावा काय?” साहेबांनी विचारलं.

तानुबाई उठली. तिनं पदराखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला आणि पल्लवीच्या हातात दिला. देताना तिनं बारकूकडं बघितलं. बारकूनं मान खाली घातली. तिला वाटलं असावं, सांगितलंय.

“मोठ्यानं वाचा,” साहेब म्हणाले.

पल्लवी उभी राहिली. पोरीचं वाचन स्वच्छ. तारीख वाचली, गावाचं नाव वाचलं. नवीन अतिक्रमण केले आहे, हे वाचलं तेव्हा म्हातारी माणसं हसली. “पूर्वेस नाला. दक्षिणेस टेकडी. उत्तरेस पायवाट.” मग तिचा आवाज एकदम चढला. “पश्चिमेस बारकू रामा भोये यांचे शेत! साहेब, सतरा जुलै एकोणीसशे नव्व्याण्णव! बाबा, हे बघा, आपलं शेत!”

ओट्यावर आनंदाची कुजबुज झाली. कुसाबाईनं पदर तोंडाला लावला. साहेब म्हणाले, “चांगलं आहे. खाली पंच कोण आहेत तेही वाचा, नोंद लागेल.”

“वरीलप्रमाणे पंचनामा आमचे समक्ष केला, तो खरा आहे,” पल्लवी त्याच भरात वाचत गेली. “पंच...”

ती थांबली. तिथल्या प्रत्येक पिकल्या माणसाला पुढचं नाव माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त वाचणारीला. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. दोन रेघा आणि दोन टिंबं तिनं लहानपणी पाटीवर गिरवली होती, बापासारखी सही यावी म्हणून. तिनं बारकूकडं बघितलं, मग तानुबाईकडं. तानुबाईला तेव्हा कळलं. तिनं डोळे मिटून घेतले. पंचवीस वर्षांत तिच्या चेहऱ्यावर बारकूनं जे बघितलं नव्हतं, ते त्या वेळी बघितलं.

“पंच,” पल्लवीनं वाचलं, सपाट आवाजात, “बारकू रामा भोये.” आणि खाली बसून ते वहीत लिहून काढलं.

साहेबांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ते म्हणाले, “म्हणजे दावेदार स्वतःच पंच. मग सही पडताळावी लागेल. आधी सभेचं मत घ्या.”

दिनेश सभेकडं वळला. “बारकू काकांचा दावा मंजूर करावा, आसं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

बारकूला वाटलं, दोन-चार हात तरी खाली राहतील. पुंजाबरोबर ज्यांचे नांगर गेले त्यांचे राहतील. राहावेत, अशी त्यानं त्या क्षणी मनापासून इच्छा केली. कुणीतरी उठून एक शिवी द्यावी, म्हणजे तिच्याखाली डोकं लपवता येईल. पण तानुबाईचा हात आधीच वर होता. दिनेशचा होता. मागून एकामागून एक सगळे वर गेले, अंगठ्याला कधीकाळी शाई लागलेले, पावत्या मागितलेले, मुंबईपर्यंत झेंडा धरलेले हात. कडेला बसलेल्या गार्ड पोरीला मत नव्हतं, तीही चेहऱ्यानं खूश दिसत होती. लिहिता लिहिता पल्लवीनं डावा हात वर केला. बापाकडं तिनं बघितलं नाही.

“सर्वानुमते,” दिनेश म्हणाला.

पल्लवीनं वही फिरवून बारकूपुढं सरकवली. बारकूनं शाईच्या पॅडकडं हात नेला.

“चष्मा नाय,” तो पुटपुटला. “अंगठा देतो.”

“अंगठा चालणार नाही,” साहेब म्हणाले. “सही जुळली पाहिजे. तशीच करा, तेव्हा केली होती तशी.”

पल्लवीनं पेन पुढं धरलं. बारकूनं ते घेतलं. चाळीस घरं बघत होती. त्यानं ‘बा. रा. भोये’ लिहिलं आणि थांबला. साहेब वाट बघत राहिले. मग त्यानं खाली एक रेघ मारली, दुसरी मारली, आणि रेघांच्या टोकाला टिंबं दिली. एक, दोन.

पल्लवीनं पंचनामा वहीशेजारी ठेवून दोन्ही सह्या न्याहाळल्या. बराच वेळ न्याहाळल्या.

“जुळते,” ती म्हणाली.